चित्र चकचकीत झाले, खेळ नवा झाला का?

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अ‍ॅनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग आणि कॉमिक्स या उद्योगासाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. २०५० पर्यंतचा ३,२६८ कोटी रुपयांचा आराखडा त्यात आहे. त्याआधी मे महिन्यात मुंबईत 'वेव्हज' ही जागतिक परिषद भरली आणि याच क्षेत्राचे शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था मुंबईतच सुरू झाली. व्हिडिओ गेम म्हणजे पोरांचा टाइमपास, असे म्हणून हा विषय उडवून लावण्याचे दिवस आता संपले आहेत. जिथे सरकारचा पैसा जातो आणि जिथे आपल्या मुलांचे भवितव्य गुंतते, तो विषय आपला असतो.

नाशिकमध्येही हे वारे पोहोचले आहे. अ‍ॅनिमेशन आणि गेमिंगचे क्लास शहरात निघाले आहेत. सातपूर-अंबडच्या कारखान्यात कंत्राटी काम करणारा बाप कर्ज काढून मुलाची फी भरतो, वर महागडा कॉम्प्युटर घेऊन देतो. अशा एका मुलाला आम्ही विचारले, "तू काय शिकलास?" त्याने अभिमानाने भिजलेला रस्ता दाखवला. पाण्यात दिव्याचे प्रतिबिंब हुबेहूब पडले होते. आम्ही विचारले, "या रस्त्यावर खेळणाऱ्याने करायचे काय?" तो गप्प झाला. ते त्याला कुणी शिकवलेच नव्हते.

त्या मुलाचा दोष नाही. ग्राफिक्स सुधारले की गेम नवा झाला, असे समीकरण साऱ्या बाजाराने रुजवले आहे. नवे यंत्र, नवे कार्ड, नवी आवृत्ती. दरवेळी जाहिरात एकच, की चित्र आता अधिक खरे दिसते. पण चित्र खरे दिसणे आणि खेळ नवा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक कळला नाही तर आपली मुले आयुष्यभर दुसऱ्याच्या कल्पनेला रंग लावत बसतील.

याचे उदाहरण आपल्याच राज्यात घडले आहे. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा स्टुडिओ पुण्यात २००८ पासून आणि मुंबईत २०१८ पासून आहे. सप्टेंबर २०२० मध्ये कंपनीने जाहीर केले की 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' या २००३ सालच्या गाजलेल्या गेमची नवी आवृत्ती पुणे-मुंबईचे स्टुडिओ करणार. इतके मोठे नाव इथल्या स्टुडिओंकडे आल्याचा अनेकांना आनंद झाला. पण पहिली झलक दिसली आणि जगभरातून टीका सुरू झाली. चेहरे जुनाट दिसतात, प्रकाश बरोबर नाही, ग्राफिक्स आजच्या काळाचे वाटत नाहीत, अशी ती टीका होती. गेम पुढे ढकलला गेला. २०२२ मध्ये काम पुणे-मुंबईकडून काढून कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या स्टुडिओकडे दिले गेले. जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने तो प्रकल्पच रद्द केला.

आता विचार करा. २००३ चा मूळ गेम गाजला तो कशामुळे? त्यात खेळणाऱ्याच्या हाती एक खंजीर होता. उडी चुकली, कड्यावरून खाली पडलो, तर त्या खंजिरातल्या वाळूने काळ मागे फिरवता येत असे. चूक दुरुस्त करण्याची संधी खेळातच मिळत होती. हा नियम नवा वाटला, आणि तो मॉन्ट्रियलमध्ये सुचला होता. पुण्या-मुंबईच्या वाट्याला सतरा वर्षांनी आले ते फक्त त्या सुचलेल्या गोष्टीचे रंगकाम. त्यातही परीक्षा झाली ती रंगाचीच. या कलाकारांना स्वतःचा नियम सुचवायला कुणी सांगितलेच नव्हते. मग ते नावीन्यात नापास झाले असे म्हणणार कसे? त्यांना त्या परीक्षेला बसूच दिले नाही.

खेळाचा जीव नियमात असतो, हे सांगायला मोठे पुस्तक लागत नाही. महाराष्ट्रातल्या अनेक लेण्यांच्या आणि किल्ल्यांच्या दगडी फरशीवर खेळांचे पट कोरलेले आढळतात. कुठे चौकोनात चौकोन, कुठे ओळीने खळगे. कवड्या नाहीत, सोंगट्या नाहीत, रंग तर नाहीच. तरी ज्याला नियम ठाऊक आहे तो चार खडे घेऊन आजही तिथे खेळू शकतो.

व्हिडिओ गेमचा इतिहासही हेच सांगतो. १९८४ मध्ये मॉस्कोतल्या अलेक्सेई पाजित्नोव्ह या संशोधकाने 'टेट्रिस' तयार केला. ज्या संगणकावर तो केला त्यावर चित्र काढण्याची सोयच नव्हती. कीबोर्डवरच्या कंसांच्या चिन्हांतून त्याने ठोकळे उभे केले. १९८९ मध्ये निन्टेन्डो या जपानी कंपनीने 'गेम बॉय' आणला. त्याचा पडदा रंगीत नव्हता, अंधारात तर दिसतही नसे. प्रतिस्पर्ध्यांची यंत्रे रंगीत होती. पण गेम बॉय स्वस्त होता, मजबूत होता आणि त्याचे सेल दीर्घकाळ टिकत. तो आणि त्याची पुढची रंगीत आवृत्ती मिळून अकरा कोटींहून अधिक यंत्रे विकली गेली. ते घडवणारे गुन्पेई योकोई सांगत की जुने, स्वस्त झालेले तंत्र घ्या आणि त्याचा नव्या रीतीने उपयोग करा. हे वाक्य आपल्या प्रत्येक होतकरू मुलाने लक्षात ठेवावे असे आहे.

मग तंत्राला काहीच महत्त्व नाही काय? असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. १९९६ मध्ये 'सुपर मारिओ ६४' आला तेव्हा पडद्यावरची सपाट दुनिया खोल झाली. खेळणारा आता सर्व दिशांना फिरू लागला, झाडाच्या मागे काय आहे ते बघायला जाऊ लागला. तंत्राने खेळणाऱ्याच्या हाताला नवे काम दिले. तेव्हा कसोटी एकच : नव्या चित्रामुळे खेळणाऱ्याला असे काही करता येते का, जे काल करता येत नव्हते? येत असेल तर ते नावीन्य. नसेल तर ती रंगसफेदी.

ही कसोटी समजायला नाशिककरांना फार दूर जावे लागत नाही. त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे. त्यांचा जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा; निधन १९४४ मध्ये नाशिकलाच झाले. १९१२ मध्ये त्यांनी लंडनहून कॅमेरा आणला. चित्रपटाला पैसे घालायला कुणी तयार होईना. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाण्याचे दाणे लावले आणि कॅमेरा एका जागी ठेवून रोज थोडे थोडे चित्रण केले. महिनाभराची वाढ पडद्यावर काही क्षणांत दिसली. नट नाही, सेट नाही, खर्च नाही. पण उघड्या डोळ्यांना कधीच न दिसणारी गोष्ट माणसाने पाहिली. आमच्या मते फाळक्यांचे खरे नावीन्य या वाटाण्याच्या रोपात आहे.

पुढे याच कॅमेऱ्याने काय दाखवले? १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र', त्याच वर्षीचा 'मोहिनी भस्मासुर', १९१७ चा 'लंकादहन'. देव प्रकट होतात, अदृश्य होतात, लंका जळते. तंत्राचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण यंत्र विसाव्या शतकाचे आणि गोष्ट पोथीतली. ज्या नाशिकमध्ये फाळक्यांनी पुढे चित्रपट काढले, त्याच नाशिकमध्ये २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. एवढे मोठे मानवमुक्तीचे नाट्य गोदाकाठी चालू होते. चित्रपटाच्या पडद्यावर मात्र देवांचेच चमत्कार रंगत होते. नवे यंत्र आले म्हणून नवी नजर आपोआप येत नाही, एवढाच याचा अर्थ.

आजच्या गेमचेही तसेच होत आहे. २०२० मध्ये पुण्याच्या एका छोट्या स्टुडिओचा 'राजी' हा गेम जगभर पोहोचला. त्यातली चित्रे, महाल, रंग खरोखर देखणे आहेत आणि मोजक्या माणसांनी ते केले याचे कौतुकच आहे. पण कथा पुन्हा देव-दानवांची आणि लढण्याची रीत ओळखीची. २०२४ मध्ये पुण्याच्याच सुपरगेमिंगने 'इंडस' आणला. शेवटपर्यंत जो जिवंत राहील तो जिंकला, हा पबजीने घरोघरी नेलेलाच खेळ. मात्र त्यात त्यांनी 'कॉस्मियम' नावाची वस्तू ठेवली. ती ताब्यात घेऊनही जिंकता येते. त्या गेमबद्दल बोलण्यासारखे नवे काही असेल तर ते हे आहे, आणि ते ग्राफिक्समध्ये नाही, नियमात आहे.

मग कंपन्या ग्राफिक्सवरच एवढा भर का देतात? कारण ग्राफिक्स पैशाने विकत घेता येते, कल्पना घेता येत नाही. चित्र जितके खरे करायचे तितकी माणसे जास्त, वर्षे जास्त, खर्च जास्त. एवढा पैसा अडकला की भांडवल घाबरते. मग जे आधी चालले तेच पुन्हा काढले जाते : भाग दोन, भाग तीन, जुन्याचा रीमेक. म्हणजे ज्या खर्चाने नावीन्य येईल असे सांगितले जाते, तोच खर्च नावीन्याची वाट अडवतो. २०२४ मध्ये सोनी कंपनीने 'कॉन्कॉर्ड' नावाचा मोठ्या खर्चाचा गेम ऑगस्टमध्ये आणला आणि दोनच आठवड्यांत लोकांचे पैसे परत करून बंद केला. त्याच वर्षी एका माणसाने घडवलेला 'बलात्रो' जगभर गाजला. त्यात चित्र म्हणाल तर पत्त्यांचा कॅट. नवे होते ते डावाचे नियम.

आपल्या वस्तीतल्या पोरांना हे आपणहून कळलेले आहे. स्वस्त मोबाईलवर बीजीएमआय खेळणारा मुलगा सेटिंगमध्ये जाऊन ग्राफिक्स 'स्मूथ'वर ठेवतो, म्हणजे खेळ अडकत नाही. स्पर्धेत खेळणारे तरबेज खेळाडूही बहुधा हेच करतात. जिंकायचे असते तेव्हा खेळणारा स्वतःच सजावट काढून टाकतो. यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा?

आता खरा प्रश्न. नवे नियम कुठून येतात? जगण्यातून येतात. २०१३ मध्ये लुकास पोप या एकट्या माणसाने 'पेपर्स, प्लीज' नावाचा गेम केला. चित्रे ओबडधोबड. खेळणारा सीमेवरचा कारकून. समोर माणसे येतात, त्यांची कागदपत्रे तपासायची, शिक्का मारायचा किंवा परत पाठवायचे. नियम रोज बदलतात, पगार पुरत नाही, घरी मूल आजारी आहे. एवढ्यावर तो गेम माणसाला हलवून टाकतो.

हे वाचताना आपल्याला काही आठवते का? जात वैधता प्रमाणपत्रासाठी आपल्यातल्या किती मुलामुलींनी खेटे घातले आहेत! १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा आणा. आजोबा शाळेतच गेले नाहीत, दाखला कुठला आणणार? मग गावी जा, तलाठ्याकडे जा, चुलत आजोबांच्या नोंदी शोधा. एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर. इकडे प्रवेशाची तारीख जवळ येते आहे, बसभाड्याचे पैसे संपत आले आहेत. हा गेम कुणी केला आहे का? त्याचे नियम वातानुकूलित स्टुडिओत बसणाऱ्याला सुचणार नाहीत. ते ज्याने रांगेत उभे राहून पाहिले आहे त्यालाच ठाऊक आहेत. त्यासाठी भिजलेल्या रस्त्यावरचे प्रतिबिंब लागत नाही. चार खिडक्या, एक पिशवी आणि एक तारीख पुरे आहे.

तेव्हा सरकारला आपण ठणकावून विचारले पाहिजे. ३,२६८ कोटींतून चकचकीत इमारती आणि परदेशी कंपन्यांची सोय होणार, की नाशिक, मालेगाव, मनमाडच्या मुलालाही हे शिक्षण परवडेल? समाजकल्याणच्या वसतिगृहांत संगणक कक्ष होणार का? मराठीत छोटे गेम करणाऱ्या तरुणांना थोडे तरी अर्थसाहाय्य मिळणार का? आणि अभ्यासक्रमात सॉफ्टवेअरची बटणे शिकवणार, की खेळ रचायलाही शिकवणार?

पण सरकारची वाट बघत बसण्याची गरज नाही. 'गोडो' हे गेम बनवण्याचे आणि 'ब्लेंडर' हे चित्रे घडवण्याचे सॉफ्टवेअर आज फुकट मिळते. साधा कॉम्प्युटरही सुरुवातीला चालतो. त्याच्याही आधी कागद पुरतो. कर्ज काढून फी भरण्यापूर्वी प्रत्येक बापाने त्या क्लासवाल्याला एकच विचारावे : माझा मुलगा इथून स्वतःचा एक तरी पूर्ण खेळ करून बाहेर पडेल का? उत्तर 'नाही' असेल तर पाकीट खिशात ठेवून परत यावे.

आणि त्या मुलाला आमचे सांगणे आहे. बाळा, तुझा रस्ता फार सुंदर झाला आहे. आता त्यावरून कोण चालले आहे, त्याला कुठे पोहोचायचे आहे आणि त्याला कोण अडवते आहे, ते ठरव. तेवढे ठरवलेस की तुझा खेळ सुरू झाला.