ऑनलाइन लिलाव: बोली लावायच्या आधी आकडा कागदावर लिहा



"निम्म्या किमतीत मशीन", "बँकेचा गाळा मातीमोल भावात" असल्या रील्स सध्या धडाधड फिरताहेत. ट्रेनिंगला येणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी हमखास विचारतं, की ऑनलाइन लिलावातून सामान उचलून धंदा सुरू करू का? माझं मत सरळ सांगतो. करा, पण पहिले तीन लिलाव एक रुपयाचीही बोली न लावता नुसते बघा. आणि पहिली खरेदी अशाच वस्तूची करा, जिची किंमत तुम्हाला झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येईल. यावर काही जण नाराज होतात. "मग संधी निघून जाईल ना" म्हणतात. अहो, लिलाव रोज असतात. तुमचं भांडवल मात्र एकदाच जमलेलं असतं.

खरं तर लिलाव आपल्याला शिकवायची गरजच नाही. कळवणच्या नाहीतर अभोण्याच्या मार्केटला उन्हाळ कांद्याच्या सीझनमध्ये तासभर उभे राहा. ट्रॅक्टरची रांग लागलेली असते, व्यापारी पुढे सरकत असतात, एकेका ट्रॉलीला मोजून काही सेकंद. व्यापारी हात घालून चार कांदे बाहेर काढतो, एखादा दाबून बघतो, वास घेतो आणि बोली बोलतो. बघणाऱ्याला वाटतं हा अंदाजपंचे बोलतोय. तसं नसतं. लासलगाव आणि पिंपळगावला सकाळी काय भाव निघाला, गाडीभाडं किती, गोणी किती, हमाली किती, वाटेत किती माल सडेल आणि पुढचा गिऱ्हाईक कितीला घेणार, हे सगळं त्याच्या डोक्यात आधीच मांडलेलं असतं. म्हणून त्याच्या आकड्याच्या वर भाव गेला की तो गप्प बसतो आणि पुढच्या ट्रॉलीकडे जातो. राग नाही, हळहळ नाही. आणि मोकळं करताना खाली वेगळा माल निघाला तर वांधा काढायला बाजार समिती तिथेच असते.

ऑनलाइन लिलावात यातलं काय राहतं? चार फोटो, एक पानभर अटी आणि पडद्यावर उलटं धावणारं घड्याळ. हात घालायची सोय नाही, वांधा काढायची तर नाहीच नाही. म्हणजे व्यापाऱ्याच्या जवळ जे दोन आधार होते, त्यातला मालाचा आधार गेला. उरला फक्त डोक्यातला हिशोब. नवशिक्याकडे तोही नसतो आणि तरी तो बोली लावतो, कारण समोर आकडा हलताना दिसतो.

एक गोष्ट नीट समजून घ्या. समजा एक जुना जनरेटर लिलावात आहे आणि दहा जण बघताहेत. प्रत्येकाने आपापला अंदाज केला. कुणाला तो ४० हजारांचा वाटला, कुणाला ५५ चा, एकाला ७० चा. खरी किंमत बहुतेक मधे कुठेतरी असणार. पण लिलाव कोण जिंकणार? ज्याचा अंदाज सगळ्यात फुगलेला आहे तोच. म्हणजे जिंकणं हीच शंका घेण्यासारखी गोष्ट आहे. मेक्सिकोच्या आखातातल्या तेलाच्या पट्ट्यांसाठी बोली लावणाऱ्या कंपन्यांना एवढा खर्च करून हवा तसा नफा का मिळत नाही, याचा अभ्यास करून केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तीन अमेरिकन इंजिनिअरांनी १९७१ मध्ये हेच दाखवून दिलं. 'विजेत्याचा शाप' असं त्याला म्हणतात. तेलाच्या कंपन्यांकडे भूगर्भशास्त्रज्ञांची फौज होती तरी त्या यात सापडल्या. आपल्याकडे चार फोटो आहेत.

यावर उपाय एकच, उलटा हिशोब. वस्तू कितीला मिळेल इथून सुरुवात करू नका. चालू अवस्थेत, माझ्या दुकानात, ती मला कितीची आहे इथून सुरू करा. समजा नाशिकला बंद पडलेल्या एका दुकानाचा डीप फ्रीजर आहे. तसाच चांगला चालणारा वापरलेला फ्रीजर तुम्हाला ओळखीच्या मेकॅनिककडून १८ हजारांत मिळतो, असं धरू. आता नाशिकहून कळवणला आणायला टेम्पो २,५०० रुपये. चढवायला-उतरवायला ५००. गॅस भरणं, थर्मोस्टॅट, झाकणाचं रबर यासाठी ३,००० बाजूला ठेवा. खर्च नाही झाला तर आनंद आहे. झाले ६,०००. उरले १२,०००. बोलीवर १८ टक्के जीएसटी वेगळा लागणार असेल तर १२,००० ला १.१८ ने भागा, येतात साधारण १०,१७०. म्हणजे तुमचा आकडा १०,१०० रुपये, त्याच्यावर एक पैसाही नाही. आणि तरी यात तुम्हाला फायदा शून्य आहे बरं का! मेकॅनिककडून घेतला असता तर त्याने पंधरा दिवस तरी फोन उचलला असता. मग लिलावाचा खटाटोप कशासाठी करायचा? तो आकडा अजून खाली आणा, ८,५०० करा, तेव्हा त्याला अर्थ येतो.

इथे एक बारीक गोष्ट. तुमची नियमित जीएसटी नोंदणी असेल आणि वस्तू धंद्यासाठीच घेताय, तर भरलेल्या करापोटी क्रेडिट घेता येतं. कंपोझिशनमध्ये असाल किंवा नोंदणीच नसेल तर तो सगळा कर तुमच्या खिशातून गेला. म्हणजे एकाच फ्रीजरसाठी दोन दुकानदारांचा आकडा वेगळा असू शकतो. समोरचा वर चाललाय म्हणून तुम्ही वर जाऊ नका, त्याचा हिशोब तुम्हाला माहीत नाही.

हा आकडा कागदावर लिहा आणि मोबाइलच्या शेजारी ठेवा. कागदच का? कारण शेवटच्या मिनिटांत डोकं ठिकाणावर नसतं. परदेशातल्या ईबेवर वेळ ठरलेल्या क्षणी संपते, त्यामुळे तिथे शेवटच्या सेकंदाला बोली टाकायची युक्ती चालते. आपल्याकडच्या सरकारी आणि बँकांच्या ई-लिलावात ती चालत नाही. शेवटच्या काही मिनिटांत कुणी बोली लावली की वेळ आपोआप वाढते, परत कुणी लावली की परत वाढते. अकरा वाजता संपणारा लिलाव दीड वाजेपर्यंत चालू शकतो. दर वेळी "फक्त पाचशेच तर वाढवायचेत" असं वाटतं. पाचशे-पाचशे करत माणूस कुठे जातो ते बघायचंय ना, म्हणूनच म्हणतो की पहिले तीन लिलाव नुसते बघा. प्रत्येकात आपला आकडा आधी लिहा आणि शेवटचा भाव त्याच्या बाजूला लिहा. तीनही वेळा तुमचा आकडा शेवटच्या भावाच्या बराच वर असेल तर खुश होऊ नका. काहीतरी खर्च तुम्ही धरलेला नाही.

आता जाहिरातीची भाषा. पेपरात बँकांच्या नोटिसा येतात त्यात 'राखीव किंमत' असते, म्हणजे याच्या खाली विकणार नाही. 'इरठे' असा एक अजब शब्द असतो. तो इसारा रक्कम ठेव याचा संक्षेप. बोलीत भाग घ्यायला आधी भरायची अनामत ती. हरलात तर परत मिळते. जिंकून मागे फिरलात तर गेली. आणि 'जसे आहे जेथे आहे' हे चार शब्द तर दोनदा वाचा. याचा अर्थ मालात जे काही निघेल ते तुमचं: बिघाड, थकबाकी, भाडेकरू, सगळं. 'सांकेतिक कब्जा' लिहिलं असेल तर बँकेकडे कागदावर ताबा आहे, आत कुलूप मूळ मालकाचंच असू शकतं.

गाळ्यांवर नवीन मुलांचा फार डोळा असतो म्हणून यावर जरा थांबतो. सरकारी बँकांच्या लिलावाच्या मालमत्ता एका जागी दाखवणारं बँकनेट हे पोर्टल जानेवारी २०२५ मध्ये नव्या रूपात आलं. बघायला छान आहे, जिल्हा निवडला की यादी येते. पण नियम बघा. सरफेसी कायदा २००२ चा आणि त्याखालच्या नियमांप्रमाणे बोली जिंकली की त्याच दिवशी, फार तर बँकेच्या पुढच्या कामाच्या दिवशी, २५ टक्के रक्कम भरायची (अनामत त्यात धरून). उरलेली ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत. बँकेने लेखी मान्यता दिली तर मुदत वाढते, पण जास्तीत जास्त तीन महिन्यांपर्यंत. "जिंकल्यावर लोन काढू" म्हणणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं. सेंट्रल बँकेच्या अशाच एका लिलावात खरेदीदाराकडून उरलेले पैसे मुदतीत भरले गेले नाहीत आणि त्याने भरलेले २५ टक्के, म्हणजे सुमारे तीन कोटी रुपये, जप्त झाले. खालच्या पातळीवर त्याला थोडा दिलासा मिळाला होता. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने षण्मुगवेलू प्रकरणात सांगितलं की पूर्ण रक्कम जप्त करणं कायद्याला धरून आहे. बँकेचं नुकसान किती झालं हा प्रश्नच तिथे येत नाही. कोटींच्या जागी तुमचे तीन लाख ठेवा. नियम तोच.

दुसरा निकाल मे २०२३ चा, के. सी. निनान विरुद्ध केरळ राज्य वीज मंडळ. लिलावात जागा घेतली, वीज जोडणी मागितली, तर जुन्या मालकाची थकबाकी भरा असं उत्तर आलं. नियमात तशी तरतूद असेल तर वीज कंपनीला ही अट घालता येते, असं न्यायालयाने मान्य केलं. म्हणून गाळा असो की पिठाच्या गिरणीची शेड, आधी ग्राहक क्रमांक मिळवा आणि महावितरणच्या ऑफिसात विचारा. मग नगरपंचायतीत घरपट्टी-पाणीपट्टी. मग जागेवर जाऊन शेजारच्या टपरीवर चहा प्या. तिथे जी माहिती मिळते ती कुठल्याच पोर्टलवर नसते.

माझं मत विचाराल तर धंद्याच्या पहिल्या दोन वर्षांत बँकेच्या जागेच्या लिलावात पडूच नका. भाड्याच्या गाळ्यात माल फिरवायला शिका.

मग सुरुवात कशाने करायची? वापरायच्या वस्तूंनी. रॅक, वजनकाटा, टेबल-खुर्च्या, फ्रीजर. विकायला म्हणून नको, स्वतः वापरायला. म्हणजे भाव चुकला तरी वस्तू हाताशी राहते. सरकारी भंगार आणि जुनं सामान विकणारी एमएसटीसी ही १९६४ ची सरकारी कंपनी, तिच्या पोर्टलवर रोज लिलाव असतात. तिथे माल लॉटमध्ये विकतात. दहा खुर्च्या हव्या असल्या तरी ऐंशी मोडक्या खुर्च्या आणि चार कपाटं एकत्र घ्यावी लागतात. उचलायची मुदत ठरलेली असते, माणसं आणि गाडी तुमची, उशीर झाला तर दंड. चौघांनी मिळून लॉट घ्यायची कल्पना चांगली आहे, फक्त कोण काय नेणार ते बोलीच्या आधी लिहून घ्या. जुन्या बॅटऱ्या, वापरलेलं ऑइल, ई-कचरा यांच्या नादी लागू नका. ते अधिकृत परवानाधारक रिसायकलरनेच घ्यायचं असतं.

सरकारी जीपचं स्वप्न बघणारे पण भरपूर आहेत. त्यांच्यासाठी: १५ वर्षं पूर्ण झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पुढे वाढवून मिळत नाही, त्या नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच जातात. रस्त्यावर चालवायला ती जीप मिळणार नाही. फायनान्स कंपनीने ओढून आणलेला टेम्पो घेता येतो. पण इंजिन सुरू करून दाखवायला सांगा, चेसिस नंबर आरसीशी जुळवा, थकलेली ई-चलनं आणि टॅक्स ऑनलाइन तपासा आणि बँकेची एनओसी किती दिवसांत मिळणार हे लेखी घ्या. पाहणीचा दिवस जाहिरातीत दिलेला असतो. ज्या वस्तूची पाहणी तुम्ही केली नाही, किंवा तुमच्या मेकॅनिकने केली नाही, तिच्यावर बोली नाही. नाशिकला जायचा एसटीचा खर्च आणि मेकॅनिकची दिवसाची मजुरी वाचवून काही साधत नाही.

शेवटी फसवणुकीचं. लिलाव पोर्टलच्या नावाने हुबेहूब दिसणाऱ्या साइट आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप चालतात. अनामत रक्कम कधीही कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर किंवा बचत खात्यावर जात नाही. ती पोर्टलच्या वॉलेटमध्ये किंवा नोटिशीत दिलेल्या खात्यातच भरायची असते. "साहेबांशी बोलणं झालंय, लॉट तुम्हालाच देतो" म्हणणारा भेटला तर फोन ठेवा. खात्री करायची असेल तर नोटिशीत प्राधिकृत अधिकाऱ्याचं नाव आणि शाखा असते, त्या शाखेत स्वतः जा. पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका, १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन लावा. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर पुढच्या खात्यात पैसे गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

फ्रीजरच्या हिशोबाचा तक्ता चॅनेलवरच्या व्हिडिओत मी फळ्यावर मांडून दाखवलाय. तुमची वस्तू, तुमचं गाडीभाडं आणि तुमचा कर टाकून तो एकदा स्वतः मांडून बघा, मग लॉगिन करा.