विमानाचा मेंदू कसा निवडावा?

यंदा विज्ञानमंडळाच्या सभेंत एका विद्यार्थ्यानें विचारलें, “सर, माझ्या खिशांतील फोनची चिप इतकी वेगवान असतां विमानाच्या सुकाणूस जुनाट, मंद मायक्रोकंट्रोलर कां जोडतात?” सभेंत हंशा पिकला; परंतु प्रश्न हंसण्याजोगा नव्हता. जें नवें तेंच उत्तम, हा समज मुलांपेक्षां पालकांत अधिक दृढ असतो, म्हणून उत्तर येथें सविस्तर देतों.

प्रथम वेगाविषयीं. शाळेची घंटा देणारा एक शिपाई वाऱ्यासारखा धांवतो, पण केव्हां केव्हां दहा मिनिटें उशीर करतो. दुसरा संथ आहे, पण क्षणाचाहि चुकत नाहीं. मुख्याध्यापक कोणास ठेवतील? विमानाच्या संगणकाचेंहि तसेंच आहे. तेथें सरासरी वेग पाहात नाहींत. अत्यंत वाईट प्रसंगीं एका कामास किती वेळ लागेल, तें आधींच सिद्ध करून द्यावें लागतें. फोनची चिप येथेंच अडखळते.

शिवाय बाजारांतील साध्या चिपची हमी बहुधा शून्य ते 70 अंश सेल्सिअसपर्यंतची. लष्करी दर्जाची उणे 55 ते 125 पर्यंतची. त्याहून मोठा शत्रु अदृश्य आहे. विमानें ज्या उंचीवर उडतात तेथें अंतराळांतील किरणांपासून उत्पन्न होणारे न्यूट्रॉन समुद्रसपाटीपेक्षां शेंकडों पटींनीं अधिक असतात. त्यांतील एखादा स्मृतींतील शून्याचा एक करून टाकतो. 30 ऑक्टोबर 2025 रोजीं कॅनकूनहून न्यूअर्ककडे निघालेल्या एअरबस ए-320 विमानानें आकस्मिक नाक खालीं केलें व कांहीं प्रवासी जखमी झाले. तीव्र सौर किरणांनीं सुकाणूच्या संगणकांतील माहिती बिघडूं शकते, असें कंपनीनें पुढील महिन्यांत जाहीर केलें, आणि सुमारें 6000 विमानांची दुरुस्ती करविली.

दोघांतिघांच्या साक्षीवांचून निवाडा करूं नये, हा मोशेच्या नियमशास्त्रांतील दंडक आपण शास्त्रपाठाच्या तासास शिकलों आहों. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीएमएस-570 या मायक्रोकंट्रोलरांत तोच पाळलेला दिसतो. त्यांतील दोन गणनाकेंद्रें एकच काम करतात, आणि उत्तरें जुळलीं नाहींत कीं चिप स्वतःच बोभाटा करते. स्मृतींतील एका अंकाची चूक तर ती आपणच सुधारते. परंतु दोघेहि साक्षीदार एकाच गुरूकडून चुकीचा धडा शिकले असतील तर? यास्तव 1995 सालीं सेवेंत आलेल्या बोइंग 777 च्या तीन मुख्य उड्डाणसंगणकांपैकीं प्रत्येकांत तीन निरनिराळ्या कारखान्यांचे प्रोसेसर बसविले: इंटेल, मोटोरोला व एएमडी यांचे. हा खर्च आम्हांस उधळपट्टी वाटत नाहीं. घातक बिघाड एक अब्ज उड्डाणतासांत एकाहून अधिक वेळां संभवूं नये, अशी तेथें अट आहे. प्रवाशांच्या करमणुकीच्या पडद्यास एवढी कडक कसोटी नको, हेंहि खरें. आणि आमच्या मैदानावर घिरट्या घालणाऱ्या ड्रोनला तर स्वस्तांतली चिप पुरे.

आतां आमचें स्वतःचें मत. चिप निवडतांना आम्ही प्रथम तिचें दोषपत्रक मागूं. बहुतेक चांगले कारखाने आपल्या मालांतील सांपडलेल्या चुका छापून प्रसिद्ध करतात. ज्या चिपची यादी लांब, पण प्रत्येक चुकीपुढें उपाय लिहिलेला, तीच आम्ही उचलूं. यादी कोरी असेल तर ती चिप निर्दोष नव्हे, केवळ अपरीक्षित समजावी. मग विचारूं, “ही किती वर्षें मिळेल?” विमान तीस तीस वर्षें उडतें, फोनची चिप त्याआधीं कितीतरी वर्षें बाजारांतून नाहींशी होते.

त्या विद्यार्थ्यास मंडळाच्या ड्रोनवरील चिपचें दोषपत्रक वाचावयास दिलें आहे. पंधरा दिवसांत तो तिसऱ्या पानापर्यंतच पोंचला. परंतु तेवढ्यांत त्यानें आम्हीं लिहिलेल्या प्रोग्रॅममधील एक चूक दाखवून दिली.