पब्लिक म्हणजे नेमकं कोण, ते आधी ठरवा

मंडळी, पोस्ट लांब आहे. निवांत वाचा, पण पूर्ण वाचा आणि मग भांडा.

मुंबईत सध्या 'पब्लिक' हा शब्द भलताच स्वस्त झालाय. मैदान असो, बाग असो, समुद्रात भराव घालून काढलेली जमीन असो, पाटीवर 'पब्लिक' लिहिलं की काम झालं. गेटच्या आत कोण जाणार ते रेटकार्ड ठरवतं. माझं भांडण या शब्दाशी आहे. उदाहरण घेतोय गोल्फचं.

ठाकूरद्वारच्या माणसाचा आणि गोल्फचा संबंध काय, असं विचाराल. एका शाळूसोबत्याने आग्रह केला, दोन-तीन महिने रेंजवर घाम गाळला आणि मग एका झकपक 'पब्लिक' गोल्फ कोर्सवर आख्खा राउंड खेळून आलो. कोर्सचं नाव घेत नाही, कारण तिथल्या माणसांबद्दल तक्रार नाही. कॅडी पोरगा तर एक नंबर. माझे बॉल पाण्यात आणि झाडीत जात होते तरी बिचारा हसला नाही. खेळही उत्तम आहे. चार-साडेचार तास उन्हात चालायचं, डोकं थंड ठेवायचं आणि स्वतःशीच खेळायचं. 'श्रीमंतांचे चोचले' म्हणून नाक मुरडणाऱ्याने एकदा बॉल सरळ मारून दाखवावा.

पण ग्रीन फी, कॅडी, भाड्याच्या स्टिका, येणं-जाणं धरून जी बेरीज झाली, तेवढ्यात माझ्या पागडीच्या खोलीचं वर्षाचं भाडं भागलं असतं. मेंबरशिप लागत नाही म्हणून ते 'पब्लिक'! या हिशेबाने ताजमहाल हॉटेलसुद्धा पब्लिकच म्हणायला हवं. तिथे जेवायला कुठे मेंबरशिप लागते?

आमच्यापासून टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटांवर ताडदेवला विलिंग्डन क्लब आहे. गव्हर्नर विलिंग्डन यांच्या काळातला. गोऱ्यांच्या क्लबात हिंदी माणसाला प्रवेश नव्हता, म्हणून दोघांसाठी काढलेला. तिथेही गोल्फ आहे. पण तो स्वतःला खासगी क्लब म्हणतो आणि तसाच वागतो. आत जाता येत नाही, हे बाहेरच्याला माहीत असतं. राग येवो न येवो, निदान फसवणूक नाही. फसवणूक होते ती 'हे तुमचंच आहे' असं सांगून दर वाचायला लावतात तेव्हा.

आता जमिनीकडे या. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. कशासाठी? सार्वजनिक प्रयोजनासाठी. त्याच जमिनींच्या भावासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासईला आंदोलन झालं, गोळीबार झाला, ५ माणसं गेली. साडेबारा टक्क्यांची योजना त्यातून आली. पुढे त्याच सिडकोने खारघरच्या डोंगराच्या कुशीत गोल्फ कोर्स बांधला. शेजारी सेंट्रल पार्कही केलं, हे मान्य. पण प्रश्न उरतोच : 'सार्वजनिक' या एका शब्दावर ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या नातवंडांना त्या हिरवळीवर कॅडी म्हणून जायचंय की खेळाडू म्हणून?

आणि हे टोमणा म्हणून नाही विचारत. कॅडीतून खेळाडू होतात. दिल्लीचा अली शेर कॅडीचं काम करता करता शिकला आणि १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय प्रोफेशनल ठरला. चेंबूरला गोल्फ क्लबशेजारच्या वस्तीतली पोरं सळई वाकवून स्टिक करायची आणि गल्लीत गोल्फ खेळायची. हुन्नर भिंतीच्या या बाजूलाही आहे. दार तेवढं नाही.

आता साधं गणित करू. १८ होलच्या कोर्सला साधारण १०० ते १५० एकर जागा लागते. म्हणजे चार-पाच शिवाजी पार्क. चार-चार जणांची टोळी दर दहा मिनिटांनी सोडली तर तासाला २४ माणसं. राउंड अंधाराआधी संपवायचा, म्हणजे सुरुवात करायला आठ तास मिळतात. दिवसाला दोनशेसुद्धा होत नाहीत. तेवढी माणसं रविवारी सकाळी आझाद मैदानाच्या एका कोपऱ्यात मावतात. तिथे एकाचा पॉइंट दुसऱ्याच्या स्लिपमध्ये उभा असतो, आणि त्याच मैदानावर १९८८ साली सचिन-विनोदने ६६४ धावांची भागीदारी केली.

"मैदान राखायला पैसा लागतो, फुकट दिलं की उकिरडा होतो," असं लगेच कोणीतरी लिहील. पैसा लागतो, बरोबर. म्हणून तर टॅक्स भरतो. आणि फुकट म्हणजे उकिरडा, असं म्हणणाऱ्याने संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर येऊन बसावं. तिकीट नाही, गेट नाही, ड्रेसकोड नाही. वाळकेश्वरचे शेठ आणि चंदनवाडीचा पोरगा एकाच दगडावर बसून तोच वारा खातात. या शहरातली सगळ्यात देखणी जागा सगळ्यात पब्लिक आहे आणि टिकून आहे.

उलट 'राखायला दिली' म्हणून काय होतं, तेही आपण पाहिलंय. पालिकेने मोकळे भूखंड संस्थांना दत्तक दिले, त्यातल्या काहींवर क्लब आणि जिमखाने उभे राहिले. जानेवारी २०१६ मध्ये बोंब झाली तेव्हा धोरणाला स्थगिती मिळाली आणि २१६ भूखंड परत घ्यायची वेळ पालिकेवर आली.

"मग गोल्फ कोर्स बंदच करायचे का?" अजिबात नाही. गोल्फची पंढरी म्हणजे स्कॉटलंडचं सेंट अँड्र्यूज. तिथला ओल्ड कोर्स खरोखर पब्लिक आहे. १९७४ च्या कायद्याने झालेला ट्रस्ट तो चालवतो. गावकऱ्यांना पास स्वस्त. खेळायची वेळ मिळावी म्हणून रोज चिठ्ठ्या निघतात, आपल्याकडे म्हाडाची सोडत निघते तशा. आणि रविवारी? एरवी रविवारी गोल्फ बंद. गावातली माणसं कुत्री, पोरंबाळं घेऊन त्याच हिरवळीवर फिरतात. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या कोर्सला हे जमतं, तर आपल्याला काय धाड भरलीय?

हे सगळं आजच का लिहितोय? महालक्ष्मी रेसकोर्सची ९९ वर्षांची लीज २०१३ साली संपली. २०२४ मध्ये सरकारने त्यातली १२० एकर जागा सेंट्रल पार्कसाठी पालिकेला द्यायचं ठरवलं, ९१ एकर टर्फ क्लबकडे राहिली. कोस्टल रोडच्या भरावाची १७५ एकर त्याला जोडायची आहे. जमिनीखाली क्रीडासंकुलाचीही चर्चा आहे. दक्षिण मुंबईत एवढी मोकळी जागा आपल्या हयातीत पुन्हा निघणार नाही. नकाशे सुंदर असतील, चित्रातल्या झाडांखाली सायकलवर पोरंही असतील. आपण विचारायचं ते दरपत्रक.

माझ्या मागण्या चार. फिरायला, बसायला, पळायला प्रवेश कायम फुकट. मेंबरशिप कशालाच नाही. जिथे खेळाला फी लागेल तिथे पालिका शाळांच्या मुलांना राखीव वेळ आणि साहित्य फुकट. आणि दर वाढवायचा असेल तर आधी जाहीर हरकती-सूचना.

हरकती-सूचना मागवतात तेव्हा आपण झोपलेले असतो, हा आपला जुना रोग आहे. कुठल्यातरी कोपऱ्यात छोटी जाहिरात येते, मुदत संपते आणि मग आपण फेसबुकवर गळे काढतो. या वेळी मंडळांनी, चाळ कमिट्यांनी आत्ताच पत्रं तयार ठेवा. गणपतीच्या वर्गणीला प्रत्येक दार वाजवतो, तसंच सह्यांसाठी वाजवू. मसुदा मी लिहून देतो. ज्याला हवाय त्याने खाली 'मसुदा' लिहा.