धूर निघतो, फोटो निघतो

१९५९ साली, तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पंचमहाल जिल्ह्यात, डीडीटीला न जुमानणारे हिवतापाचे डास सापडले. हिवताप निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू होऊन जेमतेम वर्ष झाले होते. इशारा मिळूनही आपण फवारणीच्या पंपावरच विसंबलो. १९६५च्या सुमारास वर्षाला लाखभरावर आलेले रुग्ण १९७६ मध्ये ६४ लाखांवर गेले. सगळा दोष डासाच्या चिवटपणाचा नव्हता. रुग्ण घटताच ढिली पडलेली यंत्रणा आणि निर्धास्त झालेला समाजही त्यात वाटेकरी होता.

विष डासाला चिवट बनवत नाही. एखादा मुळातच त्याला पुरून उरणारा असतो. बाकीचे मेले की त्याचीच पिलावळ वाढते. तेच ते विष वापरून ही निवड आपणच पक्की केली. पुढे आलेली पायरेथ्रॉइड औषधे डासाच्या मज्जातंतूत डीडीटीच्याच जागी घाव घालतात, म्हणून जुन्याला दाद न देणारे काही डास नव्यालाही देत नाहीत. मच्छरदाणीत तीच जात, कॉइलमध्ये तीच, शेतातल्या फवाऱ्यातही तीच.

आणि आपण? डेंग्यूचा रुग्ण निघाला की नगरसेवकाला फोन: "साहेब, धुराची गाडी पाठवा." गाडी येते, धूर निघतो, फोटो निघतो. डास मात्र पलंगाखाली, पडद्यामागे बसलेला; त्याच्या अळ्या फ्रिजमागच्या ट्रेमध्ये. धुराने अळी मरत नाही हे आरोग्य कर्मचारी दारोदार सांगतो, तर त्याला गच्चीची किल्ली मिळत नाही. वर ऐकावे लागते, "आमचं पाणी स्वच्छ आहे." अहो, डेंग्यूच्या डासाला स्वच्छच पाणी लागते!

सोवळे पाळणाऱ्या या समाजाने सफाई हे कायम दुसऱ्या कुणाचे तरी काम मानले. आता ते विषावर सोपवले, इतकेच. ज्या वस्तीत नळाला चार दिवसांनी पाणी येते, तिथली भरलेली पिंपे हा नाइलाज आहे. त्याचा जाब नगरपालिकेने द्यावा. पण टॉवरवरच्या उघड्या टाकीला कसली सबब?

गडचिरोलीच्या पाड्यांवर मच्छरदाणीतले हेच पायरेथ्रॉइड औषध माणसे वाचवते. ते बोथट करण्याचा हक्क शहरातल्या आळसाला कोणी दिला? पुढच्या वेळी गाडीसाठी फोन उचलण्याआधी गच्चीवर जा आणि टाकीचे झाकण लावा.