भार हलवा, पण कुणाच्या डोक्यावर?

‘दुपारी मशीन लाव, युनिटमागे 80 पैसे सुटतात,’ असा सल्ला हल्ली ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या बऱ्याच घरांत ऐकू येतो. सल्ला देणारा बहुधा घरातला पुरुष असतो. मशीन लावणारी, कपडे वाळत घालणारी आणि पावसाची सर आली की ते आत ओढणारी मात्र बहुधा बाईच! म्हणून मैत्रिणींनो, ही 80 पैशांची भानगड आपणच नीट समजून घ्यायला हवी.

वीज काही डाळ-तांदळासारखी डब्यात भरून ठेवता येत नाही. ज्या क्षणी लागते त्याच क्षणी तयार व्हावी लागते. मागणी आणि पुरवठ्याचा हा तोल आपल्या राज्यात ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रातून रात्रंदिवस सांभाळला जातो. संध्याकाळी घरोघरी दिवे, पंखे, मिक्सर, एसी, टीव्ही एकदम सुरू झाले की मागणी चढते, आणि नेमका तेव्हाच सूर्य मावळलेला असतो. दुपारी याच्या उलट. सौर वीज भरपूर आणि घरं रिकामी!

तोल साधला नाही तर काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. 2005 नंतरची भारनियमनाची वर्षं आठवा. मुलांचा अभ्यास मेणबत्तीवर आणि चटणी पाट्यावर! आणि 12 ऑक्टोबर 2020 ला कळवा-पडघा भागातल्या वाहिन्या बंद पडल्या, तेव्हा मुंबईसह ठाण्याची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या.

मग उपाय काय? एक उपाय आपल्याच जिल्ह्यात आहे. शहापूर तालुक्यातल्या घाटघर प्रकल्पात वीज मुबलक असते तेव्हा पाणी वरच्या धरणात चढवतात आणि गरजेच्या वेळी तेच खाली सोडून 250 मेगावॉट वीज करतात. थोडक्यात काय, गच्चीवरची टाकीच ती! दुसरा उपाय नव्या जमान्यातला. मागणीच इकडची तिकडे सरकवायची. मुंबईत टाटा पॉवरने 2023 मध्ये ऑटोग्रिड या कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या मदतीने अशी योजना जाहीर केली. ग्राहकांनी ठरावीक वेळी वापर कमी करायचा आणि पहिल्या सहा महिन्यांत 75 मेगावॉटची मागणी उतरवायची, असं उद्दिष्ट होतं. ब्रिटनमध्ये 2022-23 च्या हिवाळ्यात 16 लाख घरं आणि व्यवसाय अशा योजनेत सामील झाले होते. परदेशात काही ठिकाणी तर घरातला एसी, गीझर, गाडीचा चार्जर थेट इंटरनेटला जोडलेला असतो आणि सॉफ्टवेअर तो दुरूनच कमी-जास्त करतं.

महावितरणने घरगुती ग्राहकांसाठी सोपी वाट धरली. 1 जुलै 2025 पासून, ज्यांच्याकडे नवं टीओडी मीटर आहे त्यांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या वापरावर युनिटमागे 80 पैसे सवलत आणि पुढे ती टप्प्याटप्प्याने रुपयापर्यंत, असं जाहीर झालं. दर आयोगाच्या आदेशाप्रमाणे बदलतात, तेव्हा आपल्या बिलावर काय लिहिलंय ते दर महिन्याला पाहायचं, बरं का!

कल्पना चांगलीच आहे, मी तिच्या बाजूने आहे. पण हिशेब मांडून बघा. मशीनला एका धुण्याला अर्धा युनिट धरला तर सुटले 40 पैसे, महिन्याचे 12 रुपये. या 12 रुपयांसाठी घरी असलेल्या बाईची दुपारची तासभराची विश्रांती जाणार. आणि जी सकाळची लोकल पकडून संध्याकाळी सातला परत येते, तिने काय करायचं? ग्रिडची घाईची वेळ तीच तिच्या कुकरची आणि मिक्सरची. सवलतीच्या आठ तासांत तिच्या दाराला कुलूप असतं! कागदावर ज्याला ‘भार हलवणं’ म्हणतात, ते घरात बाईचा दिवस हलवणं असतं. तो भार कुठल्याही मीटरवर दिसत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की भार यंत्रांनी हलवावा, बाईने नव्हे. आणि यासाठी महागडी उपकरणं लागतात असंही नाही. सोसायटीचा पाण्याचा पंप घ्या. पाच हॉर्सपॉवरचा पंप रोज तीन तास चालला तर साधारण 11 युनिट होतात. तो टायमर लावून दुपारी चालवला, तर 80 पैशांनी महिन्याला अडीचशेच्या वर रुपये सुटतात. कुणाची झोप मोडत नाही की कुणाला उठून बटण दाबावं लागत नाही. मशीनलाही उशिरा सुरू होण्याची सोय असेल तर ती शिकून घ्या, सकाळी निघताना लावून जाता येतं.

दुसरी गोष्ट बटणाची. उद्या आपले एसी आणि गीझरही कंपनीच्या सॉफ्टवेअरला जोडले जातील. तेव्हा अमेरिकेतल्या कोलोरॅडोची आठवण ठेवा. ऑगस्ट 2022 मध्ये ऐन उकाड्यात तिथल्या 22,000 ग्राहकांना आपल्याच घरातला एसी हवा तसा लावता येईना, कारण थोड्या पैशांच्या सवलतीसाठी त्यांनी तो अधिकार वीज कंपनीला देऊन टाकला होता. घरात आजारी सासूबाई असतील, तान्हं बाळ असेल, तर ‘आज नाही’ म्हणायचं बटण आपल्याच हाती हवं. ही अट मराठीत, ठळक अक्षरांत लिहिलेली हवी. शिवाय नवं मीटर कोणत्या वेळी किती वीज लागली याची नोंद ठेवतं. म्हणजे घर कधी रिकामं असतं हेही त्यातून कळतं. ती माहिती कोण पाहणार, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

हे प्रश्न विचारायची जागाही आहे. सोसायटीची वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत व्हावी लागते. तिथे आपण बहुतेक जणी चहापुरत्या डोकावतो. यंदा मात्र पुढच्या रांगेत बसा. पंपाला कोणतं मीटर आहे, तो किती वाजता चालतो आणि टायमर का नाही, एवढे तीन प्रश्न विचारा. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला विसरू नका!