हॅश व्हॅल्यू मागायला शिका!

"कॉम्प्युटरमध्ये सापडलं म्हणजे होतंच." एल्गार परिषद प्रकरणावर आपल्या ग्रुपवर चर्चा निघाली की हे वाक्य कोणीतरी टाकतोच. त्यावर आपल्यातलाच दुसरा लिहितो, "सगळं खोटं आहे, पोलिसांनी बनवलंय." तिसरा म्हणतो, "हा टेक्निकल विषय आहे, कोर्ट बघेल." मित्रांनो, तिघेही एकच काम करत आहेत. तपासण्याचं काम दुसऱ्यावर ढकलत आहेत. तथागतांनी कालामांना सांगितलं की ग्रंथात आहे म्हणून मानू नका, गुरू सांगतो म्हणूनही मानू नका. आज ग्रंथाच्या जागी हार्ड डिस्क आली आहे, एवढाच फरक.

आधी वस्तुस्थिती पाहू. ३१ डिसेंबर २०१७ ला शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली. दुसऱ्या दिवशी भीमा कोरेगावला हिंसाचार झाला. पुढे या प्रकरणात एकूण १६ जणांना अटक झाली आणि खटल्याचा मोठा आधार होता जप्त केलेल्या कॉम्प्युटरमधली पत्रं. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या फॉरेन्सिक संस्थेचा अहवाल बाहेर आला. बचाव पक्षाच्या विनंतीवरून तिने रोना विल्सन यांच्या लॅपटॉपची प्रत तपासली होती. निष्कर्ष असा: जून २०१६ मध्ये नेटवायर नावाचं मालवेअर त्यात शिरलं, त्यातून एका लपवलेल्या फोल्डरमध्ये पत्रं टाकली गेली आणि ती त्या लॅपटॉपवर कधी उघडल्याचा पुरावाच नाही. काही पत्रं वर्डच्या ज्या आवृत्तीत तयार झाली, ती आवृत्ती त्या लॅपटॉपवर नव्हतीच. पुढे नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग आणि फादर स्टॅन स्वामी यांच्या कॉम्प्युटरबद्दलही अशाच स्वरूपाचे अहवाल आले. स्वामींबद्दलचा अहवाल डिसेंबर २०२२ चा. ते ८४ व्या वर्षी, ५ जुलै २०२१ ला कोठडीतच वारले होते.

एनआयएने हे आरोप नाकारले. आर्सेनलचा अहवाल आरोपपत्राचा भागच नाही, असं तिचं म्हणणं. ठीक आहे. मग तो भाग कधी होणार? खटला उभा राहील तेव्हा. आणि खटला कधी उभा राहणार? जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विल्सन आणि सुधीर ढवळे यांना जामीन दिला, तेव्हा साडेसहा वर्षं उलटली होती आणि आरोप निश्चितही झाले नव्हते. साक्षीदार ३०० हून जास्त.

खरी मेख इथे आहे. यूएपीएचं कलम ४३ड(५) म्हणतं की आरोप प्रथमदर्शनी खरे वाटले तर जामीन नाही. २०१९ च्या वटाली निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जामिनाच्या टप्प्यावर पुराव्याची बारकाईने छाननी करायची नाही. म्हणजे फाईल खरी की पेरलेली, हा प्रश्न खटल्यापर्यंत थांबला. माणूस मात्र तुरुंगात गेला. जुलै २०२३ मध्ये व्हर्नन गोन्साल्विस आणि अरुण फरेरा यांना जामीन देताना याच न्यायालयाने पुराव्याचं वजन वरवर तरी तपासावं लागेल असं म्हटलं. दार किलकिलं झालं, पण तोवर दोघांची जवळपास पाच वर्षं गेली होती.

"कोर्ट बघेल" म्हणणाऱ्यांनी हा हिशेब समजून घ्यावा. कोर्ट बघेपर्यंतची वर्षं हीच शिक्षा असते.

आता हॅश व्हॅल्यू म्हणजे काय? प्रत्येक फाईलचा किंवा अख्ख्या डिस्कचा गणिताने काढलेला अंगठ्याचा ठसा. आत एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा बदलतो. जप्तीच्या क्षणी, पंचांसमोर तो काढला, पंचनाम्यात लिहिला आणि प्रत आरोपीला दिली, तर नंतर कोणी काही घातलं का हे कळतं. मात्र जप्तीच्या आधीच कोणी दुरून फाईल पेरली असेल तर हॅश तिचंही चित्र इमानदारीने जपतो. तिथे मालवेअरची तपासणी लागते आणि ती करणारी प्रयोगशाळा तपास यंत्रणेपासून स्वतंत्र असावी लागते. फाईलवरच्या तारखेवर तर डोळे मिटून भरवसा ठेवूच नका, कॉम्प्युटरचं घड्याळ मागेपुढे करता येतं.

जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब मध्ये हॅशची अट नव्हती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हॅश नोंदवावा लागतो आणि दुसऱ्या भागात तज्ज्ञाची सही लागते. झडती-जप्तीचं चित्रीकरणही नव्या फौजदारी संहितेने बंधनकारक केलं आहे. कागदावर हे चांगलं आहे. पण मागणाराच नसेल तर कागद फाईलमध्ये पडून राहतो, हे ॲट्रॉसिटी कायद्याने आपल्याला पुरेसं शिकवलं आहे.

आणि हा प्रश्न फक्त आरोपीचा नाही. वस्तीवर हल्ला होतो, कोणी मोबाईलवर व्हिडिओ काढतो, तो व्हॉट्सॲपवर फिरतो. फिरताना तो दाबला जातो, मूळ फाईल राहत नाही, हॅश बदलतो. मूळ फोन विकला किंवा फॉर्मॅट केला की आरोपीचा वकील उभा राहतो आणि प्रमाणपत्र विचारतो. जालन्याच्या निवडणुकीवरून गाजलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात, जुलै २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की इलेक्ट्रॉनिक प्रतीसाठी प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मूळ उपकरणच मालकाने कोर्टात हजर केलं तर गोष्ट वेगळी. म्हणून "सगळं डिजिटल खोटंच" म्हणणारे आपले मित्र आपल्याच पीडितांच्या हातातला पुरावा काढून घेत आहेत.

तेव्हा कार्यकर्त्यांनी चार गोष्टी पाठ कराव्यात. फोन किंवा लॅपटॉप जप्त होत असेल तर हॅश आणि पंचनाम्याची प्रत जागेवर मागा, दिली नाही तर तसा लेखी आक्षेप नोंदवा. अत्याचाराचा व्हिडिओ असेल तर मूळ फोन जपा, फॉर्मॅट करू नका, विकू नका. अनोळखी अटॅचमेंट उघडू नका, ओळखीच्या नावाने आली तरी आधी फोन करून विचारा. आणि प्रत्येक तालुक्यात निदान दोन तरुणांनी हे तंत्र नीट शिकावं. आपली मुलं आज पुण्यात, हिंजवडीत, बंगळुरूत कोड लिहितात. वर्षातले चार रविवार त्यांनी वस्तीतल्या कार्यकर्त्यांना आणि वकिलांना द्यावेत.

बाबासाहेबांनी शिका म्हटलं ते नोकरीपुरतं नव्हतं. ज्या भाषेत आपल्यावर आरोप लिहिले जातात, ती भाषा वाचता यायला हवी. आज ती भाषा हॅशची आणि लॉग फाईलची आहे.

जय भीम!