वाणीची वही

पेढीवरील रोजमेळात खाडाखोड दिसली की जाणता व्यापारी आकड्याआधी त्या खाडाखोडीचाच विचार करतो. विसाव्या शतकात ध्वनिफीत आली आणि बोलण्याचीही अशीच वही लिहिली जाऊ लागली.

तबकडीवर एकदा कोरलेला स्वर बदलता येत नसे. लोहभस्माचा थर दिलेली फीत मात्र कापता, जोडता व पुसता येई. अमेरिकी गायक बिंग क्रॉस्बी १९४७ मध्ये आपला रेडिओ-कार्यक्रम आधी फितीवर मुद्रित करू लागला, आणि झालेली चूक कात्रीने दूर करणे गायकाला शक्य झाले. पुढे १९६३ मध्ये फिलिप्सने छोटी कॅसेट आणली. तिची प्रत घरीही काढता येई. १९७८ मध्ये फ्रान्समध्ये राहणाऱ्या खोमेनींची भाषणे अशाच प्रतींतून इराणच्या मशिदींत व बाजारांत पोहोचली. शहांच्या हाती असलेली नभोवाणी त्यांना अडवू शकली नाही.

परंतु फितीचा सर्वांत कठोर धडा अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांना मिळाला. १९७१ मध्ये त्यांनी स्वतःच आपल्या कार्यालयात संभाषण टिपणारी यंत्रे बसवून घेतली. जून १९७२ मध्ये वॉटरगेट इमारतीतील विरोधी पक्षाच्या कचेरीत घुसखोरी झाली. चौकशीत या फितींचा सुगावा लागला. त्यांतील एका फितीवर साडेअठरा मिनिटे केवळ घरघर होती. तो भाग पुसला गेल्याचे तज्ज्ञांनी सांगितले, पण कोणी पुसला हे सिद्ध झाले नाही. संशय मात्र दुणावला. अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने फिती द्याव्या लागल्या. तपास रोखण्याच्या योजनेला निक्सन संमती देत असल्याचे त्यांच्याच शब्दांत जगाने वाचले, आणि ९ ऑगस्ट १९७४ रोजी त्यांना पद सोडावे लागले. त्यांच्याविरुद्ध सर्वांत मोठा साक्षीदार त्यांचीच वाणी ठरली.

जैन आचारात पाच समितींमध्ये भाषासमिती व तीन गुप्तींमध्ये वचनगुप्ती सांगितली आहे. हित, मित आणि निःसंदिग्ध बोलावे, अन्यथा मौन धरावे. हा नियम यंत्राच्या भयाने घातलेला नाही. बंद दाराआड उच्चारलेल्या शब्दानेही कर्मबंध होतोच, फीत फिरत असो वा नसो. आज प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे. ते चालू आहे की नाही हे पाहून जो बोलतो, तो केवळ सावध होय. दोन्ही वेळी ज्याचे बोलणे एकच असते, त्याच्या वहीत खाडाखोड करण्याची वेळच येत नाही.